आयडा लुपिनो : नटी आणि दिग्दर्शिका

चित्रपटगृहांतील दिवे मालवले म्हणजे पडद्यावर नांवांची एक लांबलचक यादी सरकूं लागते. तिच्याकडे आपल्यापैकीं बहुतेकांचें लक्ष नसतें. नटनटींचे चेहरे आपल्या परिचयाचे असतात. पण ती गोष्ट सांगण्याजोगी आहे असें प्रथम कोणास वाटलें, तिच्यासाठीं पैसा कोणीं उभा केला, कॅमेरा कोठें ठेवावयाचा व नटानें कोठें थांबावयाचें हें कोणीं ठरविलें, असले प्रश्न खेळ संपल्यावरही आपल्या मनांत येत नाहींत. प्रस्तुत लेखांत आम्ही ज्या बाईंचें चरित्र सांगणार आहों, त्यांनीं प्रथम पडद्यावर नांव मिळविलें आणि नंतर हे पडद्यामागचे प्रश्न आपण होऊन अंगावर घेतले. आयडा लुपिनो हें त्यांचें नांव. १९४९ ते १९५३ ह्या अवघ्या पांच वर्षांत त्यांनीं सहा बोलपटांचें दिग्दर्शन केलें. आणि हॉलिवुडच्या मोठमोठ्या कंपन्या ज्या विषयांना हात लावावयास कचरत, तेच विषय त्यांनीं हातीं घेतले.

जन्म व बालपण

आयडाचा जन्म ४ फेब्रुवारी १९१८ रोजीं लंडन येथें झाला. लुपिनो घराणें पिढ्यान्‌पिढ्या रंगभूमीवर वावरलेलें होतें. वडील स्टॅन्ली लुपिनो हे इंग्लंडांतील नामांकित विनोदी नट, आणि आई कॉनी एमराल्ड ह्याही नटीच. कुंभाराच्या घरचें पोर चालावयास शिकण्याच्या आधींच चिखलांत हात घालतें. तशांतलाच हा प्रकार. तेराव्या वर्षीं तिला लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट ह्या नाट्यशिक्षणाच्या प्रसिद्ध संस्थेंत घातलें. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १९३२ सालीं, 'हर फर्स्ट अफेअर' ह्या बोलपटांत तिला प्रमुख भूमिका मिळाली. ह्या भूमिकेसाठीं आधीं तिच्या आईची परीक्षा झाली होती. पण दिग्दर्शक अॅलन ड्वान ह्यांनीं आईऐवजीं मुलीची निवड केली.

१९३३ सालीं अमेरिकेंतील पॅरामाउंट कंपनीनें तिला हॉलिवुडास बोलाविलें. 'अॅलिस इन वंडरलँड' ह्या बोलपटांतील अॅलिसच्या भूमिकेसाठीं तिचा विचार चालला होता. ती भूमिका दुसऱ्याच मुलीला मिळाली. परंतु कंपनीनें आयडाशीं करार केला. तिचे केस सोनेरी करण्यांत आले आणि शोभेच्या बाहुलीला साजतील अशा भूमिका तिला देण्यांत येऊं लागल्या. वयानें ती मुलगी, पडद्यावर मात्र मोठी बाई! ह्या कामांत तिचें मन रमलें नाहीं ह्यांत नवल तें काय?

एक दुखणें आणि एक विचार

१९३४ सालीं आयडाला पोलिओ झाला. आमच्या आजच्या विद्यार्थ्यांना ह्या रोगाचें नांव लसीच्या दोन थेंबांमुळें तेवढें माहीत आहे. त्या वेळीं लस नव्हती. साथ आली म्हणजे पालकांच्या काळजाचा थरकाप होई. कारण रात्रीं ताप येऊन निजलेलें मूल सकाळीं पायावर उभें राहील कीं नाहीं ह्याचा भरंवसा नसे. डॉक्टर जोनास साल्क ह्यांची लस सुरक्षित व गुणकारी असल्याचें १९५५ सालीं जाहीर झालें. आणि भारत पोलिओमुक्त झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें प्रमाणित केलें तें २७ मार्च २०१४ रोजीं. हें सांगण्याचें कारण असें कीं, सोळा वर्षांच्या त्या मुलीवर आलेलें संकट केवढें होतें ह्याची आपणांस कल्पना यावी.

सुदैवानें आयडा त्या दुखण्यांतून उठली. परंतु अंथरुणावर पडली असतां तिच्या मनांत एक विचार आला, आणि पुढें तो तिनें बोलूनही दाखविला. तो असा : आपलें धैर्य आणि आपल्या आशा कांहीं शरीरांत साठविलेल्या नाहींत. शरीर जागच्या जागीं खिळलें तरी बुद्धीला काम करतां येईल. अभिनय करतां आला नाहीं तर लिहितां तरी येईल. ज्या मुलीच्या रूपावर कंपनीचा सारा भर होता, तिनें सोळाव्या वर्षीं असा विचार करावा हें आम्हांस विशेष वाटतें. तिच्या पुढील आयुष्याचें बीज आम्हांस येथेंच दिसतें.

नटी म्हणून कीर्ति

बरी होऊन पुन्हां कामास लागल्यावरही चांगली भूमिका तिच्याकडे चालत आली नाहीं. 'द लाइट दॅट फेल्ड' ह्या कादंबरीवर बोलपट निघणार असल्याची बातमी तिला कळली. ही कादंबरी रड्यार्ड किप्लिंग ह्यांची. त्यांचा जन्म १८६५ सालीं आपल्या मुंबईंतच झाला. त्यांतील एका कडवट, दुर्दैवी मुलीची भूमिका आपणच करावी असें आयडाला वाटलें. तेव्हां दिग्दर्शक विल्यम वेलमन ह्यांच्या कचेरींत ती न बोलावतां शिरली आणि 'माझी परीक्षा घ्या' म्हणून आग्रह धरून बसली. भूमिका तिला मिळाली. १९३९ सालीं तो बोलपट निघाला व शोभेच्या बाहुलींत खरी नटी आहे हें लोकांना दिसलें.

ह्यानंतरच्या काळांत आयडा हें नांव सर्वतोमुखीं झालें. तेव्हां येथून पुढें आम्हीही त्यांचा उल्लेख लुपिनोबाई असाच करूं. वॉर्नर ब्रदर्स कंपनीच्या 'दे ड्राइव्ह बाय नाइट' (१९४०) आणि 'हाय सिएरा' (१९४१) ह्या बोलपटांनीं त्यांची कीर्ति वाढली. दुसऱ्या बोलपटांत हम्फ्री बोगार्ट हे नट होते. तरी श्रेयनामावलींत पहिलें नांव लुपिनोबाईंचेंच होतें. १९४३ सालीं 'द हार्ड वे' ह्या बोलपटांतील कामाबद्दल न्यूयॉर्क येथील चित्रपट-समीक्षकांच्या मंडळानें त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचें पारितोषिक दिलें.

बिनपगारी रजेचा उपयोग

त्या काळीं हॉलिवुडांत नटनटी म्हणजे कंपनीचे पगारी नोकर असत. करार कित्येक वर्षांचा. कंपनी देईल ती भूमिका करावयाची. भूमिका नाकारली तर कंपनी त्या नटाला निलंबित करी. म्हणजे पगार बंद, आणि दुसरीकडे काम करण्यासही मज्जाव. एवढेंच नव्हे, तर निलंबनाचे दिवस कराराच्या शेवटीं जोडले जात. ह्या शेवटच्या प्रथेविरुद्ध ऑलिव्हिया डी हॅव्हिलँड ह्या नटीनें वॉर्नर कंपनीवर दावा लावला आणि कॅलिफोर्नियांतील वरिष्ठ न्यायालयानें १९४४ सालीं तिच्या बाजूनें निकाल दिला.

वॉर्नर कंपनींत उत्तम भूमिका प्रथम बेटी डेव्हिस ह्या थोर नटीकडे जात. उरल्यासुरल्या लुपिनोबाईंकडे येत. 'मी म्हणजे गरिबांची बेटी डेव्हिस' असा विनोद त्या स्वतःवरच करीत. न पटलेली भूमिका त्या नाकारीत आणि मग निलंबित होत. आतां अशा सक्तीच्या रजेंत मनुष्य काय करतो? कोणी रागानें धुमसत घरीं बसतो, कोणी मौज करतो. लुपिनोबाई चित्रीकरण चालूं असे तेथें जाऊन उभ्या राहत. प्रकाशयोजना कशी करतात, कॅमेरा कोठून कोठें नेतात, संकलनाच्या खोलींत तुकड्याला तुकडा जोडून अर्थ कसा निर्माण होतो, हें सर्व त्यांनीं बारकाईनें पाहिलें व विचारून घेतलें. नटाचा पुष्कळ वेळ नुसता वाट पाहण्यांत जातो आणि खरें गमतीचें काम दुसरींच माणसें करीत असतात, असें त्यांना वाटूं लागलें होतें. ज्या शिक्षेनें त्यांना वठणीवर आणावयाचें, तीच त्यांची शाळा झाली. ह्या शाळेंत वर्ग नव्हता, शिक्षक नेमलेला नव्हता व प्रमाणपत्रही नव्हतें.

स्वतःची कंपनी

१९४७ सालीं लुपिनोबाईंनीं वॉर्नर कंपनी सोडली. पुढच्या वर्षीं त्या अमेरिकेच्या नागरिक झाल्या व लेखक-निर्माते कॉलिअर यंग ह्यांच्याशीं त्यांचा विवाह झाला. ह्याच १९४८ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें एक महत्त्वाचा निकाल दिला. तोंपर्यंत मोठ्या कंपन्या बोलपट स्वतः काढीत, स्वतः वितरित करीत व स्वतःच्याच चित्रपटगृहांत दाखवीत. मग लहान निर्मात्याला जागा कोठून मिळावी? ही मक्तेदारी बेकायदेशीर आहे असें न्यायालयानें ठरविलें. बंद दाराला थोडी फट पडली.

ह्या सुमारास लुपिनोबाईंनीं कांहीं भागीदारांसह एक लहानशी कंपनी काढली आणि आईच्या आडनांवावरून तिचें नांव एमराल्ड ठेविलें. तिचा पहिला बोलपट 'नॉट वाँटेड' (१९४९). लग्नावांचून मातृत्व आलेल्या एका अल्पवयी मुलीची ही कथा. हॉलिवुडांतील बोलपटांवर तेव्हां कडक नियमावलीची नजर असे आणि कथा आधीं तपासून घ्यावी लागे. त्यामुळें हा विषय मांडणें सोपें नव्हतें. चित्रीकरणास आरंभ होतो न होतो तोंच दिग्दर्शक एल्मर क्लिफ्टन ह्यांना हृदयविकाराचा झटका आला. दुसरा दिग्दर्शक नेमण्याइतका पैसा नव्हता. तेव्हां निर्मात्या व सहलेखिका असलेल्या लुपिनोबाई स्वतःच पुढें झाल्या व त्यांनीं काम तडीस नेलें. परंतु श्रेयनामावलींत दिग्दर्शक म्हणून नांव राहिलें तें क्लिफ्टन ह्यांचेंच. आपल्या पहिल्या दिग्दर्शनावर त्यांनीं आपलें नांव घातलें नाहीं.

पुढें यंग व लेखक माल्विन वॉल्ड ह्यांच्यासह त्यांनीं 'द फिल्ममेकर्स' ही कंपनी स्थापिली. दिग्दर्शिका म्हणून त्यांचें नांव प्रथम झळकलें तें 'नेव्हर फिअर' ह्या बोलपटावर. पोलिओनें पाय गेलेल्या एका तरुण नर्तकीची ही कथा. म्हणजे पंधरा वर्षांपूर्वींचें स्वतःचें दुःखच त्यांनीं कामास लाविलें. चित्रीकरण सांता मोनिका येथील एका खऱ्या उपचारकेंद्रांत केलें आणि तेथील खऱ्या रुग्णांना पडद्यावर आणलें. त्यांतील एका प्रसंगीं चाकांच्या खुर्च्यांत बसलेले रुग्ण संगीताच्या तालावर नृत्य करतात. पाहणाऱ्याला त्यांची कींव वाटत नाहीं. त्यांच्यासंगें ताल धरावासा वाटतो. धंद्याच्या दृष्टीनें हा बोलपट पडला. परंतु लुपिनोबाई खचल्या नाहींत.

'आउटरेज' (१९५०) ह्या बोलपटांत एका निरपराध तरुणीवर अत्याचार होतो. दिग्दर्शिका त्या गुन्ह्यापेक्षां नंतरच्या दिवसांकडे अधिक लक्ष देते : शेजाऱ्यांच्या नजरा, कचेरींतील कुजबुज, आपुलकीच्या माणसांचें अवघडून बोलणें. अपराध दुसऱ्याचा आणि मान खालीं घालावी लागते ती हिला! घर सोडून गेलेल्या त्या मुलीला एक धर्मोपदेशक आधार देतो. तोही उपदेश थोडा करतो आणि ऐकून अधिक घेतो. हें आम्हां शिक्षकांनीं व पालकांनीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

'हार्ड, फास्ट अँड ब्यूटिफुल' (१९५१) हा बोलपट तर खास पालकांनीं पाहावा. एका आईची मुलगी टेनिस उत्तम खेळते. आईला स्वतःच्या आयुष्यांत जें मिळालें नाहीं तें सारें तिला मुलीच्या बक्षिसांतून मिळवावयाचें असतें. मुलगी जिंकत जाते, नांव होतें, पैसा येतो; आणि मायलेकींतील प्रेम मात्र आटत जातें. शेवटीं मुलगी जिंकलेला चषक आईच्याच हातीं देते व निघून जाते. रात्र पडते, रिकाम्या क्रीडांगणावर कागदाचे कपटे उडत असतात आणि आई एकटीच बसून राहते. त्या आईला दिग्दर्शिकेनें राक्षसीण केलेलें नाहीं. तिचें मुलीवर प्रेम नव्हतें असें नाहीं. त्या प्रेमांत मुलीच्या स्वतःच्या इच्छेला जागा नव्हती, एवढेंच.

'द हिच-हायकर' (१९५३) हा त्यांचा सर्वांत प्रसिद्ध बोलपट. मासेमारीस निघालेले दोघे मित्र वाटेंत एका अनोळखी मनुष्याला मोटारींत घेतात आणि तो खुनी निघतो. त्याच्या एका डोळ्याची पापणी कधींच मिटत नाहीं. त्यामुळें तो झोंपला आहे कीं जागा आहे हें त्या दोघांना कळत नाहीं व पळून जाण्याचें धाडस होत नाहीं. किती साधी युक्ति, आणि तिनें केवढी भीति उत्पन्न होते! मोठे देखावे नाहींत, गर्दी नाहीं. तीन माणसें, एक मोटार व ओसाड डोंगराळ मुलूख एवढेंच भांडवल. १९९८ सालीं हा बोलपट अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-नोंदवहींत जतनासाठीं निवडला गेला. १९५३ सालच्याच 'द बिगॅमिस्ट' ह्या बोलपटांत त्यांनीं दिग्दर्शन आणि प्रमुख भूमिका हीं दोन्ही कामें एकत्र केलीं.

काम करण्याची रीत

ह्या कंपनीचे बोलपट दोन लक्ष डॉलरांच्या आंतबाहेर तयार होत. मोठ्या कंपन्यांच्या मानानें ही रक्कम क्षुल्लक होती. म्हणून लुपिनोबाई प्रत्येक दृश्याची आंखणी आधीं करून ठेवीत; कृत्रिम देखावे उभारण्याऐवजीं खऱ्या रस्त्यांवर व खऱ्या इमारतींत चित्रीकरण करीत; आणि महागड्या ताऱ्यांऐवजीं सॅली फॉरेस्ट, माला पॉवर्स ह्यांसारख्या नवख्या मुलींना पुढें आणीत. स्वातंत्र्य म्हणजे मनास येईल तसें वागणें, असा पुष्कळांचा समज असतो. येथें तर स्वतंत्र होतांच जमाखर्चाची वही हातीं आली! वरिष्ठांची आज्ञा गेली, तिच्या जागीं स्वतःची शिस्त आली.

ज्या काळांत त्या दिग्दर्शन करीत होत्या, त्या काळीं हॉलिवुडच्या दिग्दर्शक-संघांत त्या एकट्याच स्त्री होत्या. 'सद्‌गृहस्थहो, आणि मिस लुपिनो' अशा शब्दांनीं तेथील सभांना आरंभ होई. हाताखालच्या पुरुषांवर त्या हुकूम सोडीत नसत. 'मला असें करावेंसें वाटतें, जमेल कां?' असें विचारीत. मंडळी त्यांना 'मदर' म्हणत, आणि त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर 'आम्हां सर्वांची आई' अशा अर्थाचे शब्द लिहिलेले असत. ह्या रीतींत चातुर्य आहे खरें. पण आमच्या मुलींनीं तिची दुसरी बाजूही पाहावी. पुरुष दिग्दर्शकाला केवळ दिग्दर्शक असणें पुरेसें होतें. स्त्रीचा अधिकार मात्र लोकांनीं मानावा म्हणून तिला आधीं आई व्हावें लागलें. दोष तिचा नव्हे. त्या काळाचा होता.

उत्तरायुष्य

पुढें कंपनीनें वितरणही आपल्याच हातीं घेतलें व तें अंगलट आलें. बोलपट काढणें ही एक विद्या आणि तो गांवोगांवच्या चित्रपटगृहांत पोंचविणें ही दुसरी. दुसरीला लागणारें भांडवल ह्या मंडळींपाशीं नव्हतें. १९५५ च्या सुमारास कंपनीचें काम थांबलें. लुपिनोबाई थांबल्या नाहींत. दूरचित्रवाणीचें युग सुरू झालें होतें; त्यांनीं तेथें साहस, रहस्य, विनोद अशा नाना प्रकारच्या मालिकांचे अनेक भाग दिग्दर्शित केले. 'द ट्वायलाइट झोन' ह्या गाजलेल्या मूळ मालिकेच्या एका भागांत (१९५९) त्यांनीं प्रमुख भूमिका केली व दुसऱ्याचें (१९६४) दिग्दर्शन केलें. हीं दोन्ही कामें करणारें दुसरें कोणी त्या मालिकेंत नाहीं, आणि तिचें दिग्दर्शन करणाऱ्याही त्या एकट्याच स्त्री.

चित्रपटगृहांसाठीं त्यांनीं दिग्दर्शित केलेला शेवटचा बोलपट म्हणजे 'द ट्रबल विथ एंजल्स' (१९६६). कॉन्व्हेंट शाळेंतील दोन खोडकर मुली व त्यांची करारी मुख्याध्यापिका ह्यांची ती गमतीची कथा आहे. आमच्यासारख्या शाळेंतील विद्यार्थिनींना तींत ओळखीचें बरेंच कांहीं सांपडेल. त्यानंतर चित्रपटगृहासाठीं दिग्दर्शन करण्याचा योग त्यांना आला नाहीं. ३ ऑगस्ट १९९५ रोजीं लॉस एंजेलिस येथें, वयाच्या सत्याहत्तराव्या वर्षीं, त्यांचें निधन झालें.

ह्या चरित्रापासून काय घ्यावें?

लुपिनोबाईंना घराण्याचा वारसा होता आणि नटी म्हणून मिळालेलें नांव होतें. हें भाग्य प्रत्येकाच्या वांट्यास येत नाहीं, हें आम्ही जाणतों. पण तसलें भाग्य लाभलेलीं माणसें हॉलिवुडांत पुष्कळ होतीं. कॅमेऱ्याच्या मागें जाऊन उभें राहण्याची हौस त्यांतील थोड्यांनाच झाली. बाईंनीं आपल्या कामाशेजारचें काम शिकून ठेविलें. म्हणून क्लिफ्टन आजारी पडले त्या दिवशीं त्या तयार होत्या. संधि अकस्मात् आली, तयारी अकस्मात् झालेली नव्हती.

दुसरी गोष्ट अशी कीं, स्वातंत्र्य हातीं आल्यावर त्यांनीं तें कोणासाठीं वापरलें हें पाहावें. स्वतःचें रूप व कीर्ति मिरविणारे बोलपट त्यांना काढतां आले असते. त्याऐवजीं लोकांनीं जिच्याकडे पाठ फिरविली ती मुलगी, खुर्चीला खिळलेला रुग्ण, बदनामीच्या भीतीनें घर सोडणारी तरुणी, यशाच्या भरांत एकटी पडलेली आई, ह्यांच्या शेजारीं त्यांनीं आपला कॅमेरा नेऊन ठेविला. आणि त्यांपैकीं एकाचीही त्यांनीं विटंबना केली नाहीं.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी पुढें चित्रपट काढील, कोणी वर्तमानपत्रांत लिहील, कोणी दुकान चालवील, कोणी घर. मोठ्या सुटींत हाताला काम नसतांना कंटाळा येऊं लागला, तर आपल्या शेजारीं कोणतें काम चाललें आहे तें उभें राहून पाहावें, आणि न समजेल तें विचारावें. शिकविण्याची इच्छा असलेला मनुष्य बहुधा जवळपास असतोच. विचारणारा मात्र क्वचित् भेटतो.